पुढचं विमान हळू, मागचं सुसाट: मुंबईत उतरताना वेगाचं गणित कसं जुळतं?

उल्हासनगर कॅम्प नं. ३ मधल्या एखाद्या उंच इमारतीच्या गच्चीवर रात्री उभं राहा. आकाश मोकळं असेल, तर दक्षिणेकडे दिव्यांची एक रांग पश्चिमेकडे सरकताना दिसते. एक दिवा, त्यामागे दुसरा, त्यामागे तिसरा. ही मुंबई विमानतळावर उतरायला निघालेली विमानं. कॅम्प ३ पासून विमानतळ सरळ रेषेत ३० ते ३५ किलोमीटरवर आहे. म्हणजे गच्चीवरून दिसणारं विमान पाच-सात मिनिटांत धावपट्टीवर टेकणार असतं.

खालून बघताना वाटतं, सगळी विमानं एकाच वेगानं चाललीत. तसं नसतं. या रांगेत २०० टनांहून जड विमान असतं आणि २२ टनांचंही असतं. एक ताशी २७५ किलोमीटर वेगानं धावपट्टीवर येतं, दुसरं ताशी २०० किलोमीटरनं. दोघांनाही उतरायला धावपट्टी एकच.

८ जून २०२४ रोजी याच धावपट्टीवरचा एक व्हिडिओ देशभर फिरला. मुंबईत २७ क्रमांकाच्या धावपट्टीवरून एअर इंडियाचं तिरुअनंतपुरमला जाणारं विमान उड्डाणासाठी धावत होतं. ते जमिनीवरून उचललं जायच्या आत मागून इंदूरहून आलेलं इंडिगोचं विमान त्याच धावपट्टीवर उतरलं. कुणाला इजा झाली नाही. डीजीसीए म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं चौकशी सुरू केली आणि संबंधित नियंत्रकाला कामावरून बाजूला करण्यात आलं.

व्हिडिओखाली बहुतेकांचा प्रश्न एकच होता. एवढी मोठी विमानं इतकी जवळ येतातच कशी? त्याचं उत्तर विमानांच्या वेगात आहे.

मुंबईची अडचण काय?

मुंबई विमानतळाला धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी स्वतंत्रपणे विमानं उतरवता येत नाहीत. प्रत्यक्षात बहुतेक भार ०९/२७ या मुख्य धावपट्टीवर असतो. विमान पूर्वेकडून येऊन समुद्राच्या दिशेनं उतरतं तेव्हा तिला २७ म्हणतात, उलट दिशेनं उतरतं तेव्हा ०९. मुंबईत वारा बराचसा पश्चिमेकडून असतो आणि विमानं वाऱ्याला सामोरं जात उतरतात. म्हणून उतरणारी रांग बहुतेकदा पूर्वेकडून, म्हणजे बदलापूर-नवी मुंबई-घाटकोपर या बाजूनं येते.

२०२४ च्या सुरुवातीपर्यंत गर्दीच्या तासांत या विमानतळावर ताशी ४६ विमानांची ये-जा व्हायची. गणित करून बघा. ३,६०० सेकंदांत ४६ विमानं, म्हणजे दर ७८ सेकंदांना एक विमान उतरणार किंवा उडणार. उतरलेल्या विमानाला धावपट्टी सोडून बाजूच्या मार्गावर वळायलाच साधारण मिनिटभर लागतं. उरतात थोडे सेकंद.

रेल्वेनं जाणाऱ्यांना ही अडचण पटकन कळेल. कल्याणपुढे विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात लोकल आणि लांब पल्ल्याच्या गाड्या त्याच रुळांवरून धावत आल्या आहेत. एक्स्प्रेसला वाट द्यायची असेल तर लोकल सिग्नलला थांबवतात. प्रवासी वैतागतात, पण गाडी उभी राहू शकते. विमान हवेत उभं राहू शकत नाही. आणि ठरावीक वेगापेक्षा हळूही जाऊ शकत नाही.

दोन इंजिनं सगळ्यांनाच, मग वेग वेगळा का?

आज मुंबईत उतरणारी बहुतेक प्रवासी विमानं दोन इंजिनांचीच आहेत. पण ‘दोन इंजिनांचं विमान’ म्हटल्यावर त्यात केवढा फरक असतो ते बघा. उतरतानाचा वेग साधारण असा असतो:

• किंग एअर सी-९०: पंख्याची दोन इंजिनं, वजन साधारण साडेचार टन, वेग १०० नॉट, म्हणजे ताशी १८५ किलोमीटर.

• एटीआर-७२: पंख्याची दोन इंजिनं, वजन २२-२३ टनांपर्यंत, वेग १०५ ते ११५ नॉट, म्हणजे ताशी १९५ ते २१३ किलोमीटर. २०२१ मध्ये सिंधुदुर्गचा चिपी विमानतळ सुरू झाला तेव्हा मुंबईहून तिथं गेलेलं विमान याच जातीचं.

• एअरबस ए-३२०: दोन जेट इंजिनं, उतरताना वजन ६५ टनांच्या आसपास, वेग १३० ते १४० नॉट, म्हणजे ताशी २४० ते २६० किलोमीटर.

• बोईंग ७७७-३००ईआर: दोन जेट इंजिनं, उतरताना वजन २५० टनांपर्यंत, वेग १४५ ते १५० नॉट, म्हणजे ताशी २७० ते २८० किलोमीटर.

नॉट हे विमान आणि जहाजांच्या वेगाचं माप आहे. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर.

म्हणजे इंजिनं किती आहेत यावर उतरण्याचा वेग ठरत नाही. तो ठरतो वजनावर आणि पंखावर. पंखावरून हवा पुरेशा वेगानं गेली तरच विमान वर उचललेलं राहतं. वेग एका मर्यादेखाली गेला की पंख विमानाला पेलू शकत नाही. याला ‘स्टॉल’ म्हणतात. गाडीचं इंजिन बंद पडतं तसलं हे स्टॉल नव्हे. इंजिनं चालू असतानाही पंख स्टॉल होऊ शकतो, आणि जमिनीजवळ तसं झालं तर सावरायला उंचीच नसते.

म्हणून उतरतानाचा वेग स्टॉलच्या वेगापेक्षा साधारण ३० टक्के जास्त ठेवायचा, असा जुना नियम आहे. आधुनिक जेट विमानांसाठी मोजण्याची पद्धत थोडी वेगळी आहे, पण कल्पना तीच. खाली पडायला नको इतका वेग हवा, आणि धावपट्टी संपायच्या आत थांबता येईल इतका कमीही हवा.

हा आकडा एकाच विमानासाठीही रोज बदलतो. भरलेलं ए-३२० साधारण १३८ नॉटनं उतरत असेल, तर तेच विमान निम्मं रिकामं आणि इंधन कमी असताना १२० नॉटच्या आसपास उतरेल. म्हणून प्रत्येक फेरीत वैमानिक त्या दिवशीच्या वजनानुसार हा वेग काढतात.

एका रांगेत लावल्यावर काय होतं?

आता यातली दोन विमानं एकामागे एक लावू. पुढे एटीआर, ११० नॉटनं. मागे ए-३२०, १४० नॉटनं. एटीआर धावपट्टीपासून ६ नॉटिकल मैलांवर, म्हणजे ११ किलोमीटरवर आहे. दोघांत ५ नॉटिकल मैलांचं, म्हणजे सव्वानऊ किलोमीटरचं अंतर आहे.

एटीआरला धावपट्टीपर्यंत पोहोचायला ३ मिनिटं १६ सेकंद लागतील. तेवढ्या वेळात मागचं ए-३२० सव्वा चौदा किलोमीटर पुढे आलेलं असेल. एटीआर टेकेल तेव्हा दोघांतलं अंतर सव्वानऊवरून सव्वासहा किलोमीटरवर आलेलं असेल. कुणी चूक केली नाही, कुणी वेग वाढवला नाही, तरी तीन किलोमीटर गेले.

आता पुढे एटीआरऐवजी ८० नॉटनं उतरणारं छोटं, दोन पिस्टन इंजिनांचं विमान ठेवा. डायमंड डीए-४२ सारखं. गोंदियाच्या वैमानिक प्रशिक्षण संस्थेत विद्यार्थी दोन इंजिनांचं उड्डाण अशाच विमानावर शिकतात. त्याला शेवटच्या ११ किलोमीटरला साडेचार मिनिटं लागतील. ते टेकेल तेव्हा मागचं ए-३२० एक किलोमीटरहून कमी अंतरावर असेल. तेव्हा मागच्याला उतरता येणार नाही. त्याला पुन्हा वर जावंच लागेल.

गर्दीच्या विमानतळावर छोट्या विमानांना गर्दीच्या तासांत नको म्हणतात, त्यामागे हे साधं गणित आहे. एक हळू विमान मागच्या दोन-तीन विमानांची जागा खातं.

नियंत्रक हे जुळवतात कसं?

हवाई वाहतूक नियंत्रकाच्या, म्हणजे एटीसीच्या हातात मुख्यतः दोन उपाय असतात. एक, वाट लांबवणं. दोन, वेग ठरवून देणं.

वाट लांबवायची म्हणजे विमानाला थोडं डावीकडे, मग उजवीकडे वळवायचं, किंवा आकाशात घिरट्या घालायला लावायचं. कल्याण-उल्हासनगरच्या बाजूला एखादं विमान मध्येच वळताना दिसलं, तर ते वाट चुकलेलं नसतं. पुढच्याशी अंतर राखायला त्याला वळसा दिलेला असू शकतो.

वेगाचा उपाय पायऱ्या-पायऱ्यांनी चालतो. १०,००० फुटांखाली जेट विमानं साधारण २५० नॉटच्या आत येतात. मग २२० नॉट. धावपट्टीच्या रेषेत वळताना १८०. आणि मग एक सूचना वैमानिकांच्या चांगल्याच ओळखीची आहे: ‘चार मैलांपर्यंत १६० ठेवा.’

या सूचनेचा उद्देश असा की, शेवटी प्रत्येक विमान आपापल्या वेगानं उतरणारच आहे, पण तोवर सगळ्यांनी एकाच वेगानं यावं. रांगेतली सगळी विमानं १६० नॉटवर असतील तर अंतर आहे तसं राहतं. जे काही कमी होईल ते फक्त शेवटच्या चार मैलांत होईल, आणि त्याचा हिशेब आधीच धरता येतो.

एटीआर किंवा किंग एअरच्या वैमानिकालाही म्हणूनच सांगतात, ‘शक्य तेवढा वेग ठेवा.’ पंख्याच्या विमानाला हे जेटपेक्षा सोपं जातं. पंख्याची पाती आडवी येऊन हवेला अडवतात आणि वेग पटकन उतरतो. जेट विमान गुळगुळीत असतं. ते एकाच वेळी खाली उतरणं आणि हळू होणं, या दोन्ही गोष्टी सहज करत नाही.

चार मैलांनंतर कुणाचं ऐकायचं?

चार नॉटिकल मैल म्हणजे ७.४ किलोमीटर. विमान नेहमीच्या तीन अंशांच्या उतारावर असेल, तर तिथं त्याची उंची साधारण १,३०० फूट असते. अजून एक मैल पुढे आलं की १,००० फूट.

हा १,००० फुटांचा आकडा महत्त्वाचा आहे. ढग-पावसात उतरताना १,००० फुटांवर विमान ‘स्थिर’ झालेलं असलंच पाहिजे, असा प्रवासी विमान कंपन्यांचा नियम असतो. चाकं बाहेर, फ्लॅप उतरण्याच्या स्थितीत, वेग ठरलेल्या आकड्यावर, इंजिनं योग्य जोरावर, नाक धावपट्टीच्या रेषेत. यातली एकही गोष्ट जुळली नाही तर उतरायचं नाही.

इतकी घाई कशासाठी? कारण वेगाची चूक धावपट्टीवर मोठी होते. विमानाची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्के जास्त असेल तर ब्रेकना २१ टक्के जास्त ऊर्जा जिरवावी लागते. त्यात धावपट्टी ओली असेल तर ब्रेक लागायलाही वेळ लागतो. शिवाय जादा वेगातलं विमान लगेच टेकत नाही, धावपट्टीवर तरंगत पुढे जातं. तेवढी धावपट्टी वाया जाते.

म्हणून शेवटचे सात किलोमीटर नियंत्रकाचे नसतात, विमानाचे असतात. तिथं वेग वैमानिक ठरवतो. आधीही, नियंत्रकानं सांगितलेला वेग विमानाला झेपणारा नसेल तर वैमानिकानं एक शब्द बोलायचा असतो: ‘अनेबल’. म्हणजे ‘जमणार नाही’. हा उद्धटपणा नाही, ही रीतसर भाषा आहे. मग नियंत्रक रांग नव्यानं लावतो.

छोट्या दोन इंजिनी विमानाची खरी पंचाईत

दोन इंजिनं म्हणजे एक बंद पडलं तरी दुसरं आहेच, असं आपल्याला वाटतं. मोठ्या जेटच्या बाबतीत ते बरंचसं खरं आहे. एका इंजिनावर वर चढता आलंच पाहिजे, या अटीवरच त्यांना परवानगी मिळते.

छोट्या पिस्टन इंजिनांच्या विमानात गोष्ट वेगळी आहे. विमान वर चढतं ते सरळ उडायला लागणाऱ्या ताकदीपेक्षा जी ताकद शिल्लक राहते तिच्यावर. एक इंजिन गेलं की एकूण ताकद निम्मी होते, पण चढण्याची क्षमता ८० टक्के किंवा त्याहून जास्त घटू शकते.

दुसरी अडचण त्याहून धोक्याची. एका बाजूचंच इंजिन ओढत असलं की विमान बंद इंजिनाच्या बाजूला वळू लागतं. ते शेपटीवरच्या रडरनं सावरायचं असतं. पण रडर काम करतो तो त्याच्यावरून जाणाऱ्या हवेच्या जोरावर. वेग ठरावीक आकड्याखाली गेला की रडर पूर्ण दाबूनही विमान सरळ राहत नाही, ते उलटू शकतं.

म्हणून अशा विमानांच्या वेगमापकावर दोन रेषा रंगवलेल्या असतात. लाल रेष म्हणजे एका इंजिनावर विमान ताब्यात ठेवण्याचा किमान वेग. निळी रेष म्हणजे एका इंजिनावर सर्वात चांगलं वर चढता येईल असा वेग. धावपट्टीवर उतरता येणार याची खात्री होईपर्यंत निळ्या रेषेच्या खाली येऊ नका, असं वैमानिकांना शिकवतात.

आता गर्दीतली परिस्थिती डोळ्यासमोर आणा. मागून जेट येतंय, नियंत्रक म्हणतोय वेग ठेवा. पुढे हळू विमान असेल तर नियंत्रक म्हणेल वेग कमी करा. पहिली सूचना पाळताना फ्लॅप आणि चाकं बाहेर काढायच्या वेगाची मर्यादा आड येते. दुसरी पाळताना निळी रेष. या दोन्हींच्या मधल्या जागेत वैमानिकाला उतरायचं असतं.

आणि खाली वस्ती असते. २८ जून २०१८ रोजी जुहूहून चाचणी उड्डाणाला निघालेलं किंग एअर सी-९० परतीच्या वाटेवर घाटकोपरच्या जागृतीनगरमध्ये कोसळलं. विमानातले चौघं आणि रस्त्यावरचा एक पादचारी, असे पाच जण गेले. मुंबईत उतरण्याच्या वाटेखाली लोक किती दाटीनं राहतात, याची आठवण त्या दिवशी शहराला झाली.

अंतर फक्त धडक टाळायला नसतं

रांगेतलं अंतर ठरवताना आणखी एक न दिसणारी गोष्ट धरावी लागते. उडणाऱ्या प्रत्येक विमानाच्या पंखांच्या टोकांपासून हवेचे भोवरे सुटतात. विमान जितकं जड आणि जितकं हळू, तितके ते जोरदार. म्हणजे जड विमान उतरताना सोडतं ते भोवरे धोकादायक असतात. काही मिनिटं ते हवेत राहतात आणि हळूहळू खाली बसतात. छोटं विमान त्यात सापडलं तर पालथं होऊ शकतं.

म्हणून आंतरराष्ट्रीय नियमांत वजनाचे वर्ग आहेत. ७ टनांपर्यंतचं विमान हलकं, ७ ते १३६ टन मध्यम, त्यावर जड. जड विमानामागे मध्यम विमान असेल तर ५ नॉटिकल मैल, म्हणजे सव्वानऊ किलोमीटर अंतर हवं. जड विमानामागे हलकं असेल तर ६, म्हणजे ११ किलोमीटर. चार इंजिनांच्या अवाढव्य ए-३८० मागे हलकं विमान असेल तर ८, म्हणजे जवळपास १५ किलोमीटर.

म्हणून गच्चीवरून दिसणाऱ्या दिव्यांमधलं अंतर सारखं नसतं. पुढे ७७७ असेल तर मागे मोठी मोकळी जागा ठेवलेली असते.

गणित चुकलंच तर?

वारा बदलला, पुढच्या विमानानं धावपट्टी सोडायला उशीर केला, मागचं जास्त वेगात आलं, तर उपाय एकच: ‘गो-अराउंड’. इंजिनांना पूर्ण जोर द्यायचा, नाक वर, चाकं आत, आणि परत रांगेत. हा निर्णय नियंत्रक देऊ शकतो, वैमानिकही स्वतः घेऊ शकतो.

आत बसलेल्या प्रवाशाला हे भयंकर वाटतं. चाकं टेकणार इतक्यात इंजिनं गरजतात आणि विमान वर झेपावतं. मग ‘थोडक्यात वाचलो’ असा व्हिडिओ येतो. प्रत्यक्षात गो-अराउंड हा वैमानिकांनी सिम्युलेटरमध्ये पुन्हा पुन्हा घोटलेला सराव असतो. त्यानं साधारण १०-१५ मिनिटं उशीर होतो.

तो न करण्याची किंमत मात्र फार मोठी असते. २२ मे २०१० रोजी मंगळुरूत एअर इंडिया एक्स्प्रेसचं बोईंग ७३७ स्थिर न होताच उतरलं. सहवैमानिकानं परत वर जायला सुचवलं होतं. विमान डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीबाहेर जाऊन दरीत कोसळलं, १५८ जणांचा जीव गेला. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोडला पाऊस होता, पाठीमागून वारा होता. त्याच कंपनीचं विमान जवळजवळ अर्धी धावपट्टी ओलांडून टेकलं. २१ जण गेले. स्थिर नसलेलं विमान उतरवत राहणं आणि गो-अराउंड न करणं, हे दोन्ही चौकशी अहवालांत ठळकपणे आलं.

या दोन्ही विमानांपुढे रांगेची अडचण नव्हती. पण धडा रांगेलाही लागू आहे. उशीर होईल, मागच्यांची रांग बिघडेल, कुणी जाब विचारेल, या विचारानं उतरत राहायचं नाही. म्हणूनच गो-अराउंड करणाऱ्या वैमानिकाला शिक्षा होऊ नये, हे तत्त्व विमान वाहतुकीत मानलं जातं.

मग रांगच छोटी का करत नाही?

२०२४ मध्ये तेच झालं. फेब्रुवारीत नागरी विमान वाहतूक मंत्रालयानं सांगितलं की मुंबईवर विमानांना ४० ते ६० मिनिटं घिरट्या घालाव्या लागतायत. एक विमान तासाला सरासरी २,००० किलो इंधन खातं. ४० मिनिटांच्या घिरट्यांत १.७ किलोलीटर इंधन, म्हणजे साधारण १ लाख ८० हजार रुपये जळतात, असा सरकारचा हिशेब होता.

उपाय म्हणून गर्दीच्या तासांतली ये-जा ४६ वरून ४४ वर आणली आणि खासगी विमानांवरचे निर्बंध वाढवले. ४६ चे ४४ ऐकायला किरकोळ वाटतं. पण दोन विमानांमधला सरासरी वेळ ७८ वरून जवळपास ८२ सेकंद झाला. एटीआर आणि ए-३२० च्या वेगातला फरक सामावून घ्यायला असे तीन-चार सेकंदच कामी येतात. तरी चार महिन्यांनी ८ जूनचा प्रकार घडला. म्हणजे जागा वाढवली तरी डोळ्यांत तेल घालून बसणारा माणूस लागतोच.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. त्यामुळे मुंबईवरचा भार हळूहळू वाटला जाईल. पण दोन विमानतळांच्या मधलं आकाश एकच आहे, त्यामुळे दोन्हीकडच्या रांगा एकमेकींचा हिशेब धरूनच लावाव्या लागतात.

हे तुम्ही स्वतः बघू शकता

फोनवर फ्लाइटरडार२४ सारखं ॲप उघडा आणि मुंबईत उतरणाऱ्या विमानावर बोट ठेवा. उल्हासनगर-बदलापूरच्या अंतरावर वेग १८० ते २२० नॉटच्या घरात दिसेल. ठाण्याची खाडी जवळ येईल तसा १६० च्या आसपास. आणि शेवटच्या सात किलोमीटरमध्ये प्रत्येक विमान आपापल्या आकड्यावर येईल.

फक्त एक लक्षात ठेवा. ॲप दाखवतं तो जमिनीवरचा वेग. पंखाला कळतो तो हवेतला. समोरून २० नॉटचा वारा असेल तर ॲपवर ११५ दिसेल, तेव्हा विमान हवेत १३५ नॉटनंच उडत असेल. पावसाळ्यात समोरचा वारा जोरात असतो तेव्हा विमानं जमिनीच्या हिशेबानं हळू सरकतात, आणि तेवढ्याच अंतराच्या रांगेतून तासाला कमी विमानं उतरतात. पावसाळ्यात मुंबईची उड्डाणं लटकण्याचं हेही एक कारण आहे.

आणि कधी एखादं विमान धावपट्टीजवळ येऊन पुन्हा वर जाताना दिसलं, किंवा तुम्ही त्यातच बसलेले असलात, तर व्हिडिओ जरूर काढा. पण त्याला ‘थोडक्यात वाचलो’ असं नाव देण्याआधी हे आठवा: तुमच्या वैमानिकाला किंवा नियंत्रकाला अंतर कमी वाटलं, आणि त्यानं उतरण्याचा हट्ट धरला नाही.